सर्वांगीण उपचारात औषधांची यादीही यायला हवी

वनौषधी देणारा वैद्य झोप, भूक, मनावरचा ताण हे सगळं विचारतो, नुसत्या दुखणाऱ्या भागाकडे पाहत नाही, हा वनौषधींच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा मला मनापासून पटतो. पण त्याला जोडून केला जाणारा 'वनस्पती नैसर्गिक, म्हणून अपाय होत नाही' हा दावा मात्र अजिबात पटत नाही. जिच्यात गुण आणण्याइतकी ताकद आहे, ती चुकीच्या माणसाला बाधूही शकते.

ज्येष्ठमधाचंच घ्या. घशाला आराम म्हणून आपण ते सहज चघळतो, आणि अधूनमधून थोडं घेतलं तर बहुतेकांना काही होतही नाही. पण त्यातलं ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातल्या एका विकराला (एन्झाइमला) अडवतं. हा विकर एरवी तिथल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाला (हार्मोनला) निष्क्रिय करत असतो. विकर अडला की कॉर्टिसॉल तिथे काम करत राहतं, आणि शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम बाहेर जातं, रक्तदाब चढतो. जास्त प्रमाणात किंवा रोज बरेच दिवस घेतलं की हे घडतं. त्यात लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम आणखी घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध घेणाऱ्यांना तर हा धोका फार मोठा.

माझ्या ओळखीतली बरीच मंडळी काढे-चूर्णांबद्दल डॉक्टरांना सांगतच नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नसतं. वैद्यांनाही चालू गोळ्या सांगायच्या राहतात. दोघांनाही पूर्ण यादी दाखवा, सर्दीच्या चाटणासकट.