रॉकेट उतरलं, भाडं का नाही उतरलं?

अवकाशवेडा:
परवा एक पोस्ट वाचली आणि डोकंच फिरलं. म्हणे "रॉकेट परत उतरवणं ही नुसती सर्कस आहे, पुन्हा वापरणं परवडत नाही हे शटलने कधीच सिद्ध केलंय, खासगी कंपन्या लोकांना उल्लू बनवतायत." उत्तर द्यायला बसलो ते लांबतच गेलं म्हणून वेगळा धागा काढतोय.

सगळ्यात आधी ते शटलचं उदाहरण बंद करा. नासाचं ते परत वापरायचं अवकाशयान, 1981 ते 2011, 135 उड्डाणं, दोन याने गेली, 14 माणसं गेली. त्यात पुन्हा वापरलं काय जायचं? बाहेरची केशरी टाकी दर वेळी फुकट. घन इंधनाचे बूस्टर समुद्रातून ओढून आणायचे, खाऱ्या पाण्यात बुचकळून निघालेले, मग पूर्ण सुटे करायचे आणि पुन्हा भरायचे. यानाच्या पोटाखाली हजारो टाइल्स, बहुतेकींचा आकार वेगळा, एकेक हाताने तपासायची. इंजिनं बाहेर काढायची. म्हणजे दर प्रवासानंतर गाडी खोलून परत जोडायची आणि वर म्हणायचं बघा, गाडी ठेवणंच परवडत नाही!

मस्कच्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटचं गणितच वेगळं आहे. परत येतो तो फक्त पहिला टप्पा, आणि तो कक्षेत जातच नाही. साधारण 70 किमीवर सुटतो, तेव्हा वेग कक्षेच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी असतो, त्यामुळे शटलसारखं उष्णताकवच लागत नाही, इंजिनं थोडा वेळ पेटवून वेग मारला की भागतं. आणि सर्कस म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट समजून घ्या. शेवटी टप्प्याच्या नऊ मर्लिन इंजिनांपैकी एकच चालू असतं आणि ते कितीही कमी केलं तरी त्याचा रेटा रिकाम्या टप्प्याच्या वजनापेक्षा जास्तच राहतो. म्हणजे हवेत थांबून जागा बघून हळूच टेकणं शक्यच नाही, थांबलं की ते परत वर निघणार. वेग शून्य आणि उंची शून्य हे एकाच क्षणी जुळायला हवं, आणि तेही कित्येकदा डुलणाऱ्या बार्जवर. डिसेंबर 2015 मध्ये पहिल्यांदा जमलं, मार्च 2017 मध्ये वापरलेला टप्पा पुन्हा उडाला, आणि आज काही बूस्टर (म्हणजे हेच पहिले टप्पे) 30 पेक्षा जास्त वेळा जाऊन आलेत. याला सर्कस म्हणायचं?

हिशोबनीस:
ती पोस्ट माझी नाही, पण तिच्यातलं अर्धं मला पटतं, म्हणून लिहितो. इंजिनिअरिंगला सलाम, त्यात वादच नाही. पण तुम्ही एवढं लिहिलंत त्यात पैशाचा एक आकडा नाही. 2016 साली फाल्कन 9 चा जाहीर दर 6 कोटी 20 लाख डॉलर होता, 2022 मध्ये 6 कोटी 70 लाख झाला, आणि त्यानंतरही खाली आलेला नाही. दुसरीकडे मस्कनेच 2020 मध्ये सांगितलं होतं की सगळं जमून आलं तर वापरलेल्या बूस्टरच्या एका जादा उड्डाणाचा खर्च दीड कोटी डॉलरच्या आसपास येतो. मग मधला फरक कुणाच्या खिशात गेला? उपग्रह पाठवणाऱ्या छोट्या विद्यापीठाला काय मिळालं?

आणि "खासगी" म्हणून जे कौतुक चाललंय त्याचंही बघा. 2008 च्या डिसेंबरात नासाने अवकाश स्थानकावर माल नेण्याच्या 12 फेऱ्यांचं 160 कोटी डॉलरचं कंत्राट दिलं, तेव्हा या कंपनीचं एकच छोटं रॉकेट कक्षेत पोचलेलं होतं, तेही चौथ्या प्रयत्नात. लोकांच्या पैशावर उभं राहिलं आणि नफा तेवढा खासगी.

अवकाशवेडा:
हिशोबनीस, दर खर्चावर ठरत नाही, स्पर्धेवर ठरतो, हे तुम्हालाच सांगायचं का? समोर कुणी नाही तर दर का पाडेल कुणी? दोष रॉकेटचा नाही, झोपलेल्या बाकीच्यांचा आहे. युरोपची रॉकेटं बांधणाऱ्या एरियानच्या प्रमुखांनी 2018 मध्ये जाहीर मुलाखतीत म्हटलं होतं की वर्षाला दहा उड्डाणं असतील आणि एक रॉकेट दहा वेळा चालणार असेल तर वर्षाला एकच रॉकेट बांधावं लागेल, मग कामगारांना काय सांगू, पुढच्या वर्षी या? ही विचारसरणी! एरियान 6 जुलै 2024 मध्ये उडालं आणि ते अजून एकदाच वापरायचं रॉकेट आहे. युएलए या अमेरिकी रॉकेट कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टोरी ब्रुनो म्हणत होते की सरासरी दहा उड्डाणं झाली तरच बरोबरी होते. झाली की दहा, झाली आणि मागे पडली.

आणि लोकांच्या पैशाबद्दल. 2014 मध्ये अवकाश स्थानकावर माणसं नेण्याच्या नासाच्या कंत्राटात बोइंगला 420 कोटी डॉलर, स्पेसएक्सला 260 कोटी. बोइंगचं स्टारलायनर जून 2024 मध्ये दोघांना घेऊन गेलं, आठवडाभराची मोहीम, आणि यान शेवटी रिकामंच परत आणावं लागलं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर मार्च 2025 मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून खाली आले. लोकांचा पैसा कुठे सत्कारणी लागला ते तुम्हीच ठरवा.

बोरस्कोप:
दोघंही पैशातच अडकलात. मी विमानाच्या इंजिनांच्या ओव्हरहॉलमध्ये उभी नोकरी काढली, त्यामुळे मला यातली वेगळीच गोष्ट मोठी वाटते. परत आलेलं इंजिन बोलतं हो. आम्ही बारीक छिद्रातून स्कोप आत घालायचो, ब्लेडच्या मुळाशी केसाएवढी रेघ दिसायची, आणि त्या रेघेवरून कळायचं की वैमानिक इंजिन कसं वापरतोय, तेल कुठलं घातलंय, पुढच्या शंभर इंजिनांत काय बदलायला पाहिजे. एकदा एका साहेबांनी घाईत तपासणी न करताच इंजिन सोडायला सांगितलं, मी सही केली नाही, वरून बरंच ऐकून घेतलं. ते इंजिन उघडलं तेव्हा आतला ब्लेड हाताने हलत होता.

रॉकेटवाल्यांकडे पन्नास-साठ वर्षं हे नव्हतंच. त्यांची बहुतेक इंजिनं समुद्राच्या तळाशी नाहीतर आपटून चुराडा. टेलिमेट्रीचे, म्हणजे उडताना रेडिओवरून येणारे आकडे बघून अंदाज बांधायचे. आता काजळी धरलेला बूस्टर दारात उभा असतो. ऑक्टोबर 2020 मध्ये फाल्कन सुटायच्या दोन सेकंद आधी थांबलं, आठवतंय? साफसफाईत राहिलेल्या लाखेने एका झडपेचं बारीकसं भोक बुजलं होतं. आणि ती इंजिनं नवीकोरी होती, वापरलेली नाही! "नवीन ते भरवशाचं" या समजुतीवर माझा कधीच विश्वास नव्हता.

हिशोबनीस:
बोरस्कोप काका, सोयीचं उदाहरण घेतलंत. फेब्रुवारी 2021 पण सांगा. सहाव्या उड्डाणाला निघालेल्या बूस्टरच्या इंजिनावरचं आवरण वापरून वापरून भोक पडलेलं होतं, गरम वायू आत शिरला, एक इंजिन वर जातानाच बंद पडलं, आणि बूस्टर उतरला नाही. झीज ही झीजच असते.

बोरस्कोप:
अहो, उपग्रह तर कक्षेत पोचले ना? नऊपैकी एक गेलं तरी काम झालं. आणि ते आवरण किती उड्डाणं टिकतं हे त्यांना त्या दिवशी कळलं, एकदाच वापरून फेकलं असतं तर कधीच कळलं नसतं. झीज असते हे मला शिकवू नका, त्या झिजेवरच माझं घर चाललं.

मृगशीर्ष:
इतका वेळ वाचतेय. दर, इंजिन, झडप, लाख. आणि वर जे पाठवलं जातंय त्याबद्दल एक अक्षर नाही! रॉकेट स्वस्त झालं म्हणजे काय झालं ते मी सांगते. 2024 मध्ये फाल्कनची 130 च्या वर उड्डाणं झाली, त्यातली जवळपास दोन तृतीयांश स्टारलिंकची, म्हणजे त्याच कंपनीच्या इंटरनेट देणाऱ्या उपग्रहांची. हिशोबनीस विचारतायत ना बचत कुठे गेली, ती माझ्या डोक्यावर फिरतेय.

मी आकाशाचे फोटो काढते, खूप वर्षं. 2020 च्या जुलैत निओवाइज धूमकेतू आला होता, इतका सुंदर धूमकेतू उत्तरेकडच्या आकाशात कितीतरी वर्षांत आला नव्हता. संध्याकाळी क्षितिजाजवळ थोडाच वेळ मिळायचा. ट्रायपॉड लावला, फोकस जुळवला, एकामागून एक फ्रेम घेतल्या. घरी येऊन स्क्रीनवर उघडल्या तर शेपटीच्या आरपार एकाशेजारी एक पांढऱ्या रेघा, कंगवा फिरवल्यासारख्या. आता कुणीतरी येऊन सांगेल की सॉफ्टवेअरने काढता येतात. येतात, स्थिर ताऱ्यांच्या ढीगभर फ्रेम असतील तर. धूमकेतू फ्रेमागणिक सरकतो आणि शेपटीची बारीक तंतूसारखी रचना त्या रेघेबरोबरच निघून जाते. तो धूमकेतू परत यायला सहा हजारांहून जास्त वर्षं आहेत.

माझं जाऊ दे, मी हौशी. चिलीतली व्हेरा रुबिन वेधशाळा सगळं दक्षिण आकाश पुन्हा पुन्हा टिपायला बांधलीये, तिच्या कामावर याचा परिणाम होणार हे शास्त्रज्ञ ओरडून सांगतायत. रेडिओवाले वेगळेच रडतायत, लोफार दुर्बिणीला उपग्रहांच्या इलेक्ट्रॉनिक्समधून गळणाऱ्या रेडिओ लहरी सापडल्या आणि दुसऱ्या पिढीत त्या कमी व्हायच्या सोडून वाढल्या. आकाश कुणाच्या बापाचं आहे का? कुणाला विचारलं होतं?

खलाशी:
ताई, राग समजतो, पण दुसरी बाजू पण ऐका. मी व्यापारी जहाजावर आहे. आधी महिनोन्महिने घरचा आवाज ऐकायचा तर सॅटफोनचे मिनिट मोजायचे, तेही कॅप्टनच्या परवानगीने. वडील शेवटच्या आजारात होते तेव्हा मी भर समुद्रात होतो, डेकवर ती स्टारलिंकची पांढरी चपटी डिश नुकतीच बसवलेली, रोज रात्री व्हिडिओवर त्यांना बघायचो. शेवटचे तीन-चार दिवस ते बोलू शकत नव्हते, नुसते बघायचे. जहाज वेळेत पोचणार नव्हतंच. तुमच्या फोटोतल्या रेघांपैकी एका रेघेवरून माझा बाप मला दिसत होता. मला नाही वाटत त्या रेघेचं वाईट.

मृगशीर्ष:
तुमच्या वडिलांबद्दल खरंच वाईट वाटलं. पण हे असं बोलून तुम्ही माझं तोंडच बंद करताय, कारण याला उत्तर देणारी मी दगडाच्या काळजाची ठरणार. मी नेट बंद करा म्हटलंय का कुठे? उपग्रह कमी उजळ करा म्हणतेय! आणि जुने उपग्रह जळतात तेव्हा ॲल्युमिनियम ऑक्साइड वरच्या हवेत राहतं, केरोसिनच्या रॉकेटची काजळी स्थितांबरात जाते जिथे पाऊसच नाही धुवून काढायला, त्याचं काय?

खलाशी:
तोंड बंद करायला नाही लिहिलं. इथे सगळे असं बोलतात की हे उपग्रह म्हणजे कुणा श्रीमंताची चैन. ते वापरणारी माणसं पण असतात एवढंच म्हणायचंय, आणि ते मी म्हणणारच.

अवकाशवेडा:
धागा रॉकेटचा होता हो! उपग्रहांचा वेगळा काढा. आणि 550 किमीवरचे उपग्रह बंद पडले तरी वातावरणाच्या घर्षणाने काही वर्षांत खाली येतात, कायमचा कचरा होत नाही. खरा धोका 800 किमीच्या आसपासचा आणि त्यावरचा, 2009 मध्ये इरिडियम आणि कॉसमॉस हे दोन उपग्रह धडकले ते तिथेच, साधारण 790 किमीवर, आणि ते दोन्ही जुन्या फेकाऊ रॉकेटांनी गेलेले.

हिशोबनीस:
वेगळा कशाला काढायचा? मृगशीर्ष यांनी माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलंय, तुम्ही दिलं नव्हतंत. बचत गिऱ्हाइकाला मिळाली नाही, कंपनीने स्वतःचे हजारो उपग्रह वर टाकायला वापरली. आणि "स्वस्त आणि झटपट" याची दुसरी किंमत पण बघा. जानेवारी 2025 मध्ये स्पेसएक्सच्या नव्या महाकाय स्टारशिप रॉकेटचं सातवं उड्डाण टर्क्स आणि कैकोस बेटांजवळ फुटलं, तुकडे पडतायत म्हणून प्रवासी विमानं वळवावी लागली. मार्चमध्ये आठव्याला तसंच. फोडून शिका, पण प्रवासी विमानांच्या वाटेत कशाला?

शटलची तुलना चुकीची आहे एवढं तुमचं मान्य करतो. तेवढंच.

अवकाशवेडा:
तेवढंच का होईना, मिळालं. मग माझ्याकडूनही घ्या, जाहीर दर उतरला नाही हे खरंय. पण एकाच कंपनीकडे हे तंत्र होतं तोवरचं हे चित्र आहे. ब्लू ओरिजिन कंपनीच्या न्यू ग्लेन रॉकेटचा बूस्टर नोव्हेंबर 2025 मध्ये दुसऱ्याच उड्डाणात जहाजावर उतरला. चीनच्या झूच्वे-3 रॉकेटने डिसेंबरात प्रयत्न केला, कक्षा गाठली, बूस्टर मात्र आपटला. रॉकेट लॅब कंपनीचे प्रमुख पीटर बेक तर पुन्हा वापर करणार नाही म्हणत होते, करावा लागला तर टोपी खाईन म्हणाले होते, आणि 2021 मध्ये पुन्हा वापरायचं न्यूट्रॉन रॉकेट जाहीर करताना खरंच टोपीचा तुकडा खाल्ला. तीन-चार जण झाले की भाडं पडणारच.

मृगशीर्ष:
आणि भाडं पडलं की प्रत्येकाचे आपापले हजारो उपग्रह! तुम्ही जे आनंदाने सांगताय तेच मला घाबरवतंय. खगोलशास्त्रज्ञांची मागणी वर्षानुवर्षं तीच आहे, 550 किमीवरचा उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा अंधुक असावा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितकं अंधुक), म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही आणि मोठ्या दुर्बिणींचे सेन्सरही वाचतील. स्टारलिंकवाल्यांनी काळा रंग देऊन बघितला, उन्हाआड छत्री लावून बघितली, फरक पडला पण पुरेसा नाही, आणि नंतर छत्री काढूनच टाकली कारण उपग्रहांच्या आपसातल्या लेझर संपर्काच्या आड येत होती. कंपनीच्या मर्जीवर सोडलं की हेच होणार. उड्डाणाच्या परवान्यातच अट घाला, उजळ उपग्रह असेल तर रॉकेट सुटणार नाही.

बोरस्कोप:
याला माझी सही. विमानाच्या आवाजाचे नियम आले तेव्हा पण इंजिनवाले ओरडले होते की जमणार नाही, महाग पडेल. नियम आला आणि जमलं.

खलाशी:
अट घाला, महिन्याचं बिल थोडं वाढलं तरी आम्ही जहाजावरची माणसं भरू. पण ताई, संख्येवर मर्यादा आणायची म्हणालात तर मी परत भांडायला येणार, कारण मग आधी समुद्रावरचंच कव्हरेज कापतील.