सीझन चालू असताना एपिसोडला गुण देणं बंद करा

उत्तररात्र (धागाकर्ता)

जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. वर्षातून चार वेळा ॲनिमेचा, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांचा, नवा सीझन लागतो आणि चारही वेळा तोच तमाशा. तिसऱ्या एपिसोडला "दहापैकी दहा, वर्षातली सर्वोत्तम मालिका". सहाव्याला "स्टुडिओने वाट लावली". नवव्याला "मी तेव्हाच म्हणालो होतो". बारावा येईपर्यंत निम्मी मंडळी पुढच्या सीझनच्या ट्रेलरखाली जाऊन बसलेली.

एक कूर म्हणजे साधारण अकरा ते तेरा एपिसोड. तेवढे होईपर्यंत बोला, रडा, अंदाज बांधा, पण आकडा देऊ नका. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधून जाहिराती गेल्या, ओपनिंग-एंडिंगच्या गाण्यांची दीड-दीड मिनिटं गेली, की हातात वीस-एकवीस मिनिटं उरतात. प्रसंग कुठे तुटणार हे बऱ्याचदा घड्याळच ठरवतं.

बनवणाऱ्यांनाही हे पक्कं ठाऊक असतं. 'फ्रीरेन' आठवा. २९ सप्टेंबर २०२३ ला निप्पॉन टीव्हीने पहिले चार एपिसोड एका दमात दाखवले, तेही शुक्रवार रात्रीच्या सिनेमाच्या जागी. पहिल्या एपिसोडात जुना सोबती हिमेल म्हातारा होऊन मरतो आणि दीर्घायुषी एल्फ असलेल्या फ्रीरेनला उशिरा उमगतं की दहा वर्षं सोबत हिंडूनही या माणसाला आपण ओळखलंच नाही. हा धक्का सुटा दाखवला असता तर "छान, पण पुढे काय?" एवढंच झालं असतं. प्रवासाची लय लागायला चार एपिसोड लागतात. तिचा पुढचा सोबती श्टार्क तर त्या चारांतही नाही! 'ओशी नो को'चंही तेच, एप्रिल २०२३ मध्ये पहिलाच एपिसोड जवळजवळ दीड तासाचा. ज्यांना परवडलं त्यांनी मोठा घास वाढला. बाकीच्यांना चमच्याचमच्याने वाढावं लागतं, आणि आपण प्रत्येक चमच्याला गुण देतो.

---

पेठेतला शिनिगामी

साफ असहमत.

एका सीझनला चाळीसच्या वर मालिका येतात. कोण बसणार आहे चाळीस गुणिले बारा बघत? तीन एपिसोडांचा नियम हौसेखातर निघाला नाही. 'मादोका'ने जानेवारी २०११ मध्ये तिसऱ्या एपिसोडाच्या शेवटी जे केलं (बघितलं नसेल त्यांच्यासाठी गप्प बसतो) त्यानंतर लोक आणखी ठासून म्हणू लागले की बाबांनो, तीन तरी बघा. म्हणजे तो नियम थांबायलाच सांगतो, फक्त त्याला मर्यादा घालतो. तुम्ही ती मर्यादा तीनवरून बारावर नेताय. दुकानदाराने "पोतं संपल्यावर सांगा तांदूळ कसा होता" म्हटल्यासारखं झालं हे.

---

मांगा आधी

धागाकर्त्यांनी सोयीचं उदाहरण घेतलं. मी गैरसोयीचं देतो.

'द प्रॉमिस्ड नेव्हरलँड'. पहिला सीझन १२ एपिसोडांचा, त्यात मूळ मांगाचे, म्हणजे जपानी चित्रकथेचे, पहिले ३७ अध्याय. म्हणजे एपिसोडामागे तीन. हा वेग उत्तम होता. मांगा एकूण १८१ अध्यायांचा, तर उरले १४४. जानेवारी २०२१ ला दुसरा सीझन लागला तो ११ एपिसोडांचा, आणि तिथेच कथा संपवायची होती. भागाकार करा, एपिसोडामागे तेरा अध्याय होतात. असं रूपांतर कोणालाच जमत नाही, कापावंच लागतं. गोल्डी पाँडचा अख्खा टप्पा उडवला. मांगा वाचलेल्यांनी हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ओळखलं, कारण मुलं बंकरमध्ये पोचली आणि तिथे जो माणूस भेटायला हवा होता तो नव्हताच. त्याच्याशिवाय पुढचा टप्पा उभा राहत नाही. पाच एपिसोड होताहेत तोच मध्ये रीकॅप, म्हणजे मागच्या भागांची उजळणी, आला. शेवटच्या दोन एपिसोडांच्या श्रेयनामावलीत पटकथाकाराचं नावच नाही.

आता सांगा, अकराव्याची वाट बघून काय वेगळं कळलं असतं? चौथ्या आठवड्यातल्या दहापैकी चारचे शेवटी दोन झाले, बस्स.

हिशेब कोणालाही जमतो. साप्ताहिक मांगाचा अध्याय अठरा-वीस पानांचा. एपिसोडात दोन ते तीन अध्याय बसतात. 'फ्रीरेन'च्या पहिल्या २८ एपिसोडांत साठेक अध्याय आहेत, म्हणजे दोनच्या किंचित वर, म्हणून तिथे शांततेला जागा मिळाली. पहिल्या दोन एपिसोडांत सात-आठ अध्याय संपवले असतील तर घाई आहे. एकच अध्याय ताणला असेल तर पाणी घातलंय.

---

कटमोज्या

दोन्ही बाजू एक गोष्ट गाळताहेत. पहिल्या दिवशी जे दिसतं ते बरेचदा पक्कं चित्रच नसतं.

१६ डिसेंबर १९९७ ला 'पोकेमॉन'च्या एका एपिसोडातल्या लाल-निळ्या झगमगाटाने जपानमध्ये सहाशेहून जास्त मुलांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर वाहिन्यांनी नियम केले, सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा झगमगाट नको वगैरे. आता मारामारीच्या एपिसोडात जादूचे स्फोट असले की प्रसारणाआधी तो भाग अंधुक करतात, शेजारच्या फ्रेमा एकमेकींत मिसळतात. म्हणून तलवार फिरताना तिची भुतं मागे राहिल्यासारखी दिसतात. तीच आवृत्ती स्ट्रीमिंगवर येते आणि लोक लिहितात, "ॲनिमेशन चिखल आहे". ब्लू-रेवर हा अंधार बहुधा काढलेला असतो, शिवाय बरेच कट (कॅमेरा न बदलता दिसणारे तुकडे) नव्याने दुरुस्त करतात. 'मादोका'च्या टीव्ही आणि ब्लू-रे आवृत्त्या शेजारी लावल्या तर पार्श्वभूमीपासून चेहऱ्यांपर्यंत फरक दिसतो.

तेव्हा ॲनिमेशनवर बोलायचंच असेल तर आधी एवढं बघा. यूट्यूबवर अधिकृत एपिसोड असेल तर तो थांबवा आणि कीबोर्डवरचं पूर्णविरामाचं बटण दाबा, एकेक फ्रेम पुढे जाते (स्वल्पविरामाने मागे). सेकंदाला २४ फ्रेमा. एकच चित्र तीन फ्रेमा टिकत असेल तर सेकंदाला आठ चित्रं झाली, आणि टीव्ही ॲनिमेत हे अगदी नेहमीचं आहे. त्याला "लॅग" म्हणू नका. पात्र कंबरेपासून वर दाखवून मागची गल्ली सरकवली, बोलणारा पाठमोरा ठेवला म्हणजे ओठ काढायला नकोत, स्थिर चित्रावरून कॅमेरा हळू फिरवला, ही सगळी काटकसर आहे आणि चांगला दिग्दर्शक ती कळूही देत नाही.

दोष वेगळीकडे दिसतो. एका कटात डोळे एका उंचीवर, पुढच्यात बोटभर खाली. केसातली पिन डावीकडून उजवीकडे. सावली एका बाजूची, दिवा त्याच बाजूला. एपिसोडात तीनशेच्या आसपास कट असतात, ते वेगवेगळ्या हातांनी काढलेले असतात आणि सगळ्यांचे चेहरे एकसारखे करणं हे साकुगा कान्तोकुचं, म्हणजे ॲनिमेशन दिग्दर्शकाचं काम. पिन जागा बदलते तेव्हा एवढंच समजायचं की तो कट त्याच्या टेबलावर पोचलाच नाही किंवा पोचला तेव्हा पहाट झाली होती.

एंडिंगमधली नावं मोजा. एक-दोन साकुगा कान्तोकु असतील तर बरं चाललंय. दहा-बारा असतील तर आग विझवणं चालू आहे, किंवा भव्य मारामारीचा एपिसोड आहे. ते चित्र बघून ठरवायचं. एकोन्ते, म्हणजे स्टोरीबोर्ड, आणि एन्शुत्सु, म्हणजे त्या एपिसोडाचं दिग्दर्शन, दोन्हींखाली एकच नाव दिसलं तर तो एपिसोड मन लावून बघा.

---

पेठेतला शिनिगामी

@कटमोज्या, माहिती झकास, वाद लंगडा. हॉटेलात भाजी करपली तर आचारी तीन रात्री झोपला नाही म्हणून मी ती चांगली म्हणू? त्याच्याबद्दल वाईट वाटेल, भाजी करपलेलीच राहील. आणि ब्लू-रे इथे घेतंय कोण?

---

कटमोज्या

करपली म्हणा की. फक्त "आचाऱ्याला येत नाही" म्हणू नका. 'जुजुत्सु कायसेन'चा दुसरा सीझन चालू असताना, नोव्हेंबर २०२३ मध्ये, काही ॲनिमेटरांनीच वेळापत्रकाबद्दल उघड लिहिलं. त्याच आठवड्यांत "हा सीन आळशीपणाने काढलाय" छापाच्या प्रतिक्रियांचा पाऊस होता. आळशी? शिबुयाच्या त्या मारामाऱ्यांत प्रत्येक फ्रेमला इमारती हलताहेत!

---

दुसरी डुलकी

गुण देण्याचा धोका दोन्हीकडून असतो हे कोणीच बोललं नाही. शिव्यांइतकंच कौतुकही फसतं. 'उझुमाकी', सप्टेंबर २०२४, चारच एपिसोड. पहिला काळा-पांढरा, प्रत्येक रेघ मांगातून उचलल्यासारखी, आणि सगळ्यांनी डोक्यावर घेतला. आठवड्याने दुसरा आला आणि पात्रं कागदी बाहुल्यांसारखी सरकायला लागली. घोषणा २०१९ ची, पाच वर्षांची वाट, आणि कौतुक टिकलं सात दिवस.

'वंडर एग प्रायॉरिटी' त्याहून बोलका. जानेवारी २०२१, पहिले काही एपिसोड सिनेमाच्या तोडीचे. आठवा एपिसोड रीकॅप! मांगावर न बेतलेल्या, स्वतंत्र कथेच्या एका कूरच्या मालिकेत रीकॅप आला की समजावं, गाडी रुळावरून सरकलीय. शेवट जूनअखेरीस विशेष भागात आला आणि त्याचाही मोठा हिस्सा मागची उजळणी. सहाव्या आठवड्यात दहापैकी दहा देणाऱ्यांचं नंतर काय झालं ते बघवत नाही.

---

उत्तररात्र

@दुसरी डुलकी, हेच! धन्यवाद. @मांगा आधी, तुमचा हिशेब मान्य. पण तो मूळ पुस्तक हातात असलेल्यांचा. स्वतंत्र कथेच्या मालिकेत भागाकार कशाचा करणार?

---

अहोजाहो

थोडं अवांतर वाटेल, पण आहे मुद्द्याचंच. पहिल्या दिवशी आपण इंग्रजी सबटायटल वाचून मत देतो. जपानीत कोण कोणाला आडनावाने हाक मारतं, कोण पाळण्यातल्या नावाने, मागे 'सान' लावतं की 'कुन' की काहीच नाही, यावर अर्धं नातं उभं असतं. प्रेमकथेत सातव्या-आठव्या एपिसोडात मुलगा पहिल्यांदा आडनाव सोडून नावाने हाक मारतो, तोच त्या एपिसोडाचा कळस. सबटायटलमध्ये बरेचदा पहिल्यापासून नावच छापलेलं असतं. मग प्रतिक्रिया काय? "फिलर (नुसता भरतीचा एपिसोड). काहीच घडलं नाही."

मराठी माणसाने तरी हे चुकवू नये. "अहो"वरून "अरे"वर यायला किती दिवस लागतात हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कान उघडे ठेवा, 'सान' ऐकू येतंच. मत द्यायच्या आधी एवढं केलं तरी निम्मे "फिलर" गायब होतील.

---

मांगा आधी

वा, हे आवडलं. अहोजाहोंना +१. पण धाग्याच्या मूळ मागणीला अजूनही नकार. दर आठवड्याचा गोंगाट नसला की मालिकेचं काय होतं बघायचं असेल तर 'जोजो'चा 'स्टोन ओशन' बघा. नेटफ्लिक्सने १ डिसेंबर २०२१ ला १२ एपिसोड एकदम टाकले, पुढचे बारा एपिसोड सप्टेंबर २०२२ मध्ये, उरलेले १४ त्याच वर्षीच्या डिसेंबरात. आधीच्या भागांत दर आठवड्याला नव्या स्टँडवर (पात्राच्या सोबतीला असणाऱ्या अलौकिक शक्तीवर) वाद रंगायचा, त्याची शक्ती नेमकी काय, हरवायचं कसं. इथे वाद सुरू व्हायच्या आत लोक बारावा बघून मोकळे, आणि न बघितलेले स्पॉयलरच्या भीतीने गप्प. दोन दिवस गलका, नऊ महिने शांतता.

---

उत्तररात्र

गोंगाट बंद करा असं मी कुठे म्हटलं? दुसरा परिच्छेद वाचा, "बोला, रडा, अंदाज बांधा". आकडा तेवढा नको.

---

पेठेतला शिनिगामी

आकड्याशिवाय भांडण म्हणजे मिठाशिवाय कैरी. बरं, एक परीक्षा घेतो. 'हारुही', उन्हाळा २००९, 'एंडलेस एट'. सलग आठ आठवडे तीच सुट्टी, तोच पोहण्याचा तलाव, तेच किडे पकडणं, तीच आतषबाजी. आठही एपिसोड नव्याने काढलेले, आवाज नव्याने दिलेले, कपडे दर वेळी वेगळे, गोष्ट मात्र तीच. गोष्टीतली माणसं त्या चक्रात १५,५३२ वेळा अडकलेली. आता धागाकर्ते म्हणतील थांबा, आठ झाल्यावर बोला.

पण आज कोणी ते सलग बघतं तेव्हा करतं काय? पहिला बघतो, दुसरा बघतो, थेट आठव्यावर उडी. झाला खेळ खलास. तो वैताग खरा भोगला तो दर आठवड्याला "या वेळी तरी सुटतील" म्हणत बसलेल्यांनी. दुसऱ्याला सात, चौथ्याला तीन, सहाव्याला शून्य देणाऱ्यांनीच ती मालिका बरोबर बघितली.

---

उत्तररात्र

आणि आठव्याला?

---

पेठेतला शिनिगामी

दहा. सुटले ना एकदाचे.

---

कटमोज्या

वादात पडत नाही, पण त्या आठांत तलावाच्या सीनचे कॅमेऱ्याचे कोन दर वेळी वेगळे आहेत. शेजारी लावून बघा.

---

नवा गडी

मधेच विचारतो. जपानी वेळापत्रकात "गुरुवार २५:३०" लिहिलंय. छापायची चूक आहे का?

---

दुसरी डुलकी

चूक नाही. तिकडे रात्रीच्या कार्यक्रमांचा दिवस मध्यरात्री संपत नाही. गुरुवार २५:३० म्हणजे शुक्रवार पहाटे दीड. जपान आपल्यापुढे साडेतीन तास, म्हणजे भारतात गुरुवारी रात्री दहा. स्ट्रीमिंगवर त्याच वेळी येईलच असं नाही, अर्ध्या तासाने किंवा दुसऱ्या दिवशीही येतो. तोवर हा धागा उघडू नका, शिनिगामींनी गुण देऊन ठेवलेले असतील.