सल्ला हवा: एमए सायकॉलॉजीनंतर आरसीआय नोंदणीचा रस्ता

बोलकी_पाटी
एमए सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रेग्युलर. मला मुलांबरोबर काम करायचंय आणि आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी हवी आहे. शिक्षणावर आता एकूण दीड लाखाच्या वर खर्च करता येणार नाही, कर्ज काढायचं नाही. घरच्या अडचणीमुळे महाराष्ट्राबाहेर राहता येणार नाही. सीनियर म्हणतात एमफिल बंद, सायडी (क्लिनिकल सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) कर. आमचे एक सर म्हणतात थेट पीएचडीला बस. काय करू?

वळीव
बेंगळुरूच्या निमहान्सचा (मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था) फॉर्म भर, बाकी कशाकडे बघू नकोस. मी तिथूनच एमफिल केलं. सकाळी वॉर्डात राउंड, मग ओपीडी, रात्री केस हिस्टरी लिहीत बसायचं. सरांना पटेपर्यंत तीच हिस्टरी पुन्हा पुन्हा लिहून द्यावी लागायची. ती शिस्त आजही उपयोगी पडते. वर विद्यावेतन मिळायचं. नाहीच जमलं तर रांचीची सीआयपी, म्हणजे केंद्रीय मनोचिकित्सा संस्था.

आडवाट
वळीव, त्यांनी महाराष्ट्राबाहेर नको म्हटलंय. आणि एमफिलबद्दल अर्धवट सांगू नका. यूजीसीने 2022 च्या नियमांत एमफिल बंद केलं. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्कला सवलत दिली तीही 2025-26 च्या प्रवेशांपुरतीच. आधी केलेल्यांची पदवी ग्राह्य आहे, त्यांनी घाबरायचं कारण नाही. नवीन मुलांसाठी आरसीआयचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायडी. आणि बोलकी_पाटी, तुमचं आत्ताचं एमए वेगळं, आरसीआयचं एमए क्लिनिकल सायकॉलॉजी वेगळं. एमए झालं म्हणजे नोंदणी मिळाली असं धरून चालू नका.

गारवेल
सायडीच कर. मी करतेय. फी भरपूर आहे, खोटं कशाला सांगू, एका वर्षाचीच तुझ्या बजेटच्या वर जाते. पण करिअरचा प्रश्न आहे, पैशांचं नंतर बघता येतं. नावामागे डॉक्टर लागलं की क्लायंट वेगळ्या नजरेने बघतात.

तळटीप
डॉक्टरचाच मुद्दा असेल तर पीएचडी काय वाईट? माझी झाली आहे, गाईड उत्तम होते. आज कॉलेजात शिकवतो आणि संध्याकाळी समुपदेशनही करतो.

आडवाट
सर, पीएचडीबद्दल आदर आहे, पण सायकॉलॉजीची पीएचडी म्हणजे नोंदणी नाही. मानसिक आरोग्य कायदा 2017 मधली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्या वाचा: एक तर आरसीआयमान्य संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची मान्य अर्हता, नाहीतर एमएवर दोन वर्षांचं पूर्णवेळ एमफिल, तेही देखरेखीखालच्या क्लिनिकल प्रशिक्षणासह. पीएचडीचा त्यात उल्लेखच नाही.

तळटीप
मी स्वतःला क्लिनिकल म्हणवत नाही. समुपदेशक म्हणतो. त्यात बेकायदेशीर काय?

आडवाट
तुम्हाला नाही म्हणालो. पण पाटीवर सर्रास 'क्लिनिकल' लावणारे आहेत. आरसीआय कायदा 1992 च्या कलम 13 मध्ये नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. आणि 2021 च्या अलाइड हेल्थकेअर (इतर आरोग्य व्यावसायिकांसाठीच्या) कायद्याच्या यादीत क्लिनिकल सोडून इतर सायकॉलॉजिस्ट आलेत. म्हणजे पुढे समुपदेशकांकडेही कागद मागितले जाणार, मुलांनी हे आत्ताच डोक्यात ठेवावं.

पाणवठा
सगळे कोर्स सांगताय, संस्थेचं कोणी बोलत नाही. माझ्या बहिणीने एका संस्थेत प्रवेश घेतला. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरात आरसीआयमान्य. मान्यता होती, पण स्पेशल एज्युकेशनच्या अभ्यासक्रमाला. तिच्या कोर्सची मुदत संपली होती, नूतनीकरण "प्रक्रियेत" होतं. फी परत मिळाली नाही, वर्ष गेलं ते गेलं. म्हणून सांगतो, संस्थेच्या ऑफिसवर विसंबू नका. आरसीआयच्या वेबसाइटवर संस्था, नेमका अभ्यासक्रम, मान्यतेचं वर्ष आणि मंजूर जागा बघा. पान छापून ठेवा, तारखेसह. पैसे त्यानंतरच भरा.

वळीव
हे निमहान्सला होत नाही.

शुक्रतारा
पाणवठा यांना अनुमोदन. त्यात माझी भर: दहावीच्या प्रमाणपत्रापासून आधारपर्यंत नाव एकसारखं आहे का ते आजच तपासा. माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी, पदवीवर वडिलांचं नाव गायब, आधारवर लग्नानंतरचं नाव. सीआरआर नंबरसाठी (आरसीआयच्या केंद्रीय रजिस्टरमधला नोंदणी क्रमांक) अर्ज केला आणि त्रुटी, दुरुस्ती, पुन्हा त्रुटी. रुग्णालयातली जागा हातची गेली. हे आधी कोणी सांगत का नाही याचा अजून राग येतो. नोंदणी मिळाली की काम संपलं असंही नाही. ठरावीक मुदतीने नूतनीकरण असतं, त्याला सीआरईचे, म्हणजे नोंदणीनंतरच्या सततच्या प्रशिक्षणाचे, गुण लागतात. कार्यशाळांची प्रमाणपत्रं फेकू नका.

सांजवारा
मुलांबरोबरच काम करायचं असेल तर रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजीची, म्हणजे पुनर्वसन मानसशास्त्राची, पदविका बघितली का? एक वर्षाची. आरसीआयच्या रजिस्टरमध्ये त्याचा वेगळा वर्ग आहे.

गारवेल
नको गं. लोक विचारतात क्लिनिकल का नाही. दुय्यम वाटतं ते.

वळीव
सहमत. एकदा त्या वर्गात गेलीस की क्लिनिकल म्हणून काम करता येणार नाही. थांब, तयारी कर, मोठ्या संस्थेत जा.

सांजवारा
दुय्यम कशाने? मी एका विशेष शाळेत आहे. बोलता न येणाऱ्या मुलाची चाचणी घेताना चित्राचं पान कुठल्या हाताला ठेवायचं, आई शेजारी हवी की दाराबाहेर, इथून सुरुवात होते. त्या कामाला पूर्ण माणूस लागतो. क्लिनिकल म्हणून काम करता येत नाही हे मात्र खरं, ते मान्य असेल तरच घ्या.

गारवेल
एमए तरी डिस्टन्सचं नाही ना तुझं? माझ्या मैत्रिणीला त्यावरून बराच त्रास झाला.

आडवाट
पहिल्याच ओळीत रेग्युलर लिहिलंय. यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी दूरस्थ आणि ऑनलाइन बंद केलंय, त्यामुळे नवीन मुलांपुढे तो पर्यायच नाही.

बोलकी_पाटी
सगळ्यांचे मनापासून आभार. सांजवारा यांनी सांगितलेली पदविका घ्यायचं ठरवलंय. दोन वर्षं स्वमग्न मुलांच्या केंद्रात शनिवारी जातेय, मला तेच काम करायचं आहे. 'क्लिनिकल' लावता येणार नाही हे कळतंय आणि मान्य आहे. बसने जाऊन-येऊन करता येईल अशी एक संस्था यादीत सापडली. कोर्स, मुदत आणि जागा, तिन्ही गोष्टी पान उघडून बघितल्या आणि पान छापून ठेवलं. फी दीड लाखाच्या आत आहे. आधारवर मधलं नाव नाही, ती दुरुस्ती सोमवारी.

वळीव
चूक करतेयस. निमहान्सचा फॉर्म निदान भरून ठेव.

शुक्रतारा
आधी दहावीच्या प्रमाणपत्रावरचं स्पेलिंग बघा, मग आधार त्याप्रमाणे करून घ्या. उलटं करू नका.