‘रिकव्हरी फंड’ला मराठीत काय म्हणावं?

पानगळ
कोव्हिडनंतर युरोपीय संघाने सदस्य देशांना जो पैसा दिला, त्यातून रोजगार आणि सामाजिक कामांच्या वाट्याला काय आलं, यावरचा एक लेख मराठीत आणतेय. वाचक बहुतेक कामगार संघटनांमधले आहेत. पहिल्याच ओळीत गाडी अडली, ‘रिकव्हरी अँड रेझिलियन्स फॅसिलिटी’ या त्या निधीच्या नावापाशी. गंमत म्हणून यंत्राकडून करून घेतलं, तर ‘वसुली आणि लवचिकता सुविधा’ असं आलं! माझ्या वहीत पुनर्प्राप्ती, पुनरुत्थान, पुनर्वसन आणि उभारी एवढे शब्द आहेत. संदर्भासाठी सांगते: कायदा फेब्रुवारी २०२१चा, तरतूद ७२३.८ अब्ज युरोची. त्यातले ३३८ अब्ज अनुदान, बाकीचं कर्ज.

शुद्धमती
पुनर्प्राप्ती नको. हरवलेली छत्री परत मिळते ती पुनर्प्राप्ती. अर्थव्यवस्था हरवली नव्हती, आपटली होती. पुनरुत्थान म्हटलं की मराठीत येशू आठवतो. तिसऱ्या दिवशी अर्थव्यवस्था उठून बसली, असा समज होईल.

ऊसमळा
पुनर्वसनावर आधीच फुली मारा. आमच्या कोयना-वारणा भागात पुनर्वसन म्हणजे धरणात गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेला, किंवा न मिळालेला, प्लॉट.

आता ‘रिकव्हरी’. मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली. आमच्याकडे हा शब्द रोज शंभर वेळा कानावर पडतो आणि त्याचा अर्थ एकच, उतारा. शंभर किलो उसातून साडेअकरा किलो साखर निघाली, तर रिकव्हरी साडेअकरा. शेतकऱ्याचा भाव त्यावर ठरतो, म्हणून गाळप सुरू झालं की चहाच्या टपरीवरसुद्धा ‘आज रिकव्हरी किती लागली?’ असंच विचारतात. दुसरीकडे गावात बँकेची जीप आली की ‘रिकव्हरीवाले आले’. आणि २०२०मध्ये टीव्हीवर रोज ‘रिकव्हरी रेट’ दाखवायचे, तो बऱ्या झालेल्या पेशंटचा. एकाच शब्दाची ही तीन घरं. त्यामुळे मराठीत ‘रिकव्हरी फंड’ असं तसंच ठेवलंत, तर कोण कुठल्या घरात शिरेल सांगता येत नाही.

नेकरकाठ
युरोपातल्या भाषांनीही एकच शब्द घेतलेला नाही. मी श्टुटगार्टला राहतो. जर्मन योजनेच्या नावात ‘आउफबाउ’ आहे, म्हणजे सरळ उभारणी. फ्रेंच म्हणाले ‘रलाँस’, थांबलेलं पुन्हा चालू करणं. इटालियन योजनेत ‘रिप्रेझा’ आहे. फुटबॉलच्या मॅचमध्ये मध्यंतरानंतरच्या डावालाही तेच म्हणतात. पोलिश लोकांनी ‘ओद्बुदोवा’ घेतला, म्हणजे पडलेलं पुन्हा बांधणं. स्पॅनिश ‘रेकुपेरासिओन’ तेवढा इंग्रजीच्या जवळचा. म्हणजे आपणही शब्दाला शब्द ठेवायची गरज नाही.

पानगळ
हे फार कामाचं आहे. मग ‘उभारी निधी’?

शुद्धमती
उभारी माणूस धरतो, पीक धरतं. निधीने उभारी द्यायची. ‘उभारी निधी’ चालेल, ‘उभारणी निधी’ नको. उभारणी म्हटलं की मराठी वाचकाला पूल आणि सभामंडप दिसतात. तुमचा विषय माणसांचा आहे.

लालबागकर
एक खोचक प्रश्न विचारू का? यंत्राने ‘वसुली’ म्हटलं त्यावर सगळे हसलात. पण हा पैसा आला कुठून?

पानगळ
बरोबर जागी बोट ठेवलंत, काका. जुलै २०२०मध्ये ब्रुसेल्सला चार-पाच दिवस घासाघीस चालली आणि पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर संघाच्या नावावर रोखे काढून कर्ज उभारायचं ठरलं. परतफेड २०५८ पर्यंत चालायची आहे. म्हणजे आज पाळण्यात असलेलं पोर तिशी ओलांडेल तोवर.

लालबागकर
मग यंत्र निम्मं बरोबर होतं म्हणायचं. पुढे उभारी, मागून वसुली.

पानगळ
आता दुसरा शब्द, आणि खरं दुखणं हेच आहे. जर्मनीतलं ‘कुर्त्सआर्बाइट’, म्हणजे काम घटलं की माणूस न काढता त्याचे तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी विम्यातून द्यायचा. २०२०मध्ये नोकऱ्या टिकवण्यासाठी युरोपीय संघाची ‘शुअर’ नावाची योजना आली, सदस्य देशांना १०० अब्ज युरोपर्यंतच्या कर्जाची. त्यातले ९८.४ अब्ज १९ देशांना गेले. इटलीला २७.४, स्पेनला २१.३, पोलंडला ११.२. स्वतः जर्मनीने त्यातून एक छदामही घेतला नाही, पण बाकीच्यांनी त्यातला बराच पैसा जर्मन पद्धतीच्या योजनांवरच खर्च केला. मी ‘अर्धवेळ काम’ लिहिलं होतं, संपादकांनी ‘कामगार कपात’ केलं. दोन्ही चुकीचं वाटतंय.

नेकरकाठ
दोन्ही चूकच. मी स्वतः त्यातून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते. एप्रिल २०२०मध्ये ऑर्डरी आटल्या. कुणाला काढलं नाही. सोमवार आणि शुक्रवार बंद, मधले तीन दिवस काम. त्या तीन दिवसांचा पगार कंपनीचा. न केलेल्या दोन दिवसांचा जो निव्वळ पगार बुडाला, त्याचे ६० टक्के सरकारी रोजगार विम्यातून, घरात मूल असेल तर ६७ टक्के. निम्मे किंवा त्याहून जास्त तास बुडालेले असतील, तर चौथ्या महिन्यापासून ७० आणि ७७, सातव्यापासून ८० आणि ८७, अशी वाढ त्या वर्षी दिली. पैसे कंपनीच आमच्या खात्यात टाकायची आणि सरकारकडून परत घ्यायची. पगाराच्या चिठ्ठीवर एक नवी ओळ उगवली, ‘कुर्त्सआर्बाइटरगेल्ड’. एवढा लांब शब्द आणि रक्कम एवढीशी, असं बायको म्हणाली होती. त्या एप्रिलमध्ये देशभरात साठ लाखांच्या आसपास लोक असे होते.

एक गोम नंतर कळली. ती रक्कम करमुक्त, पण कराचा दर ठरवताना धरतात. पुढच्या वर्षी विवरणपत्र भरलं आणि काहीशे युरो भरायचं पत्र आलं. (लालबागकर काका, तुमची मागून येणारी वसुली!)

आम्ही इथले मराठी लोक फोनवर ‘सध्या कुर्त्सआर्बाइट चालू आहे’ असंच म्हणायचो. आईला मात्र ‘आठवडा आखूड झालाय’ असं सांगायचो. तिला नोकरी गेल्यासारखं वाटू नये म्हणून.

लालबागकर
गिरणीत असतो तर आम्ही याला ‘ले-ऑफ’ म्हटलं असतं. पण फरक आहे आणि तो लेखात यायला हवा. आपल्याकडे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात ले-ऑफची भरपाई होती, मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होईल त्याच्या निम्मी. ती द्यायची मालकाने. मालकच म्हणतो माझ्याकडे काम नाही, पैसा नाही, आणि त्याच्याकडूनच भरपाई घ्यायची! मस्टरवर नाव, हातात काही नाही, अशी कितीतरी माणसं पाहिली. जर्मन पद्धतीत भार विम्यावर आणि सरकारवर पडतो. म्हणून ‘ले-ऑफ’ लिहिलंत, तर आमचा वाचक भलतंच समजेल.

आणि एक हात जोडून विनंती. तुमच्या मसुद्यात ‘टाळेबंदीच्या काळात कामगारांना’ असं आहे. आमच्या पिढीला टाळेबंदी म्हणजे मालकाने गेटला लावलेलं कुलूप. संपाच्या समोरचा शब्द तो. २०२०मध्ये वर्तमानपत्रांनी तो लॉकडाउनला चिकटवला आणि बिचारा कायमचा तिकडे गेला. कामगारांसाठीच्या लेखात तरी सरळ ‘लॉकडाउन’ लिहा.

शुद्धमती
‘कुर्त्स’ म्हणजे आखूडच. नेकरकाठांच्या आईला सांगितलेला शब्दच उत्तम आहे: ‘आखूड आठवडा योजना’.

लालबागकर
तास आखूडशिंगी, पगार बहुदुधी! आम्ही मागितली असती ही गाय, तर मालकाने हाकलून दिलं असतं. ठेवा हाच शब्द.

पानगळ
ठेवला. पहिल्यांदा येईल तिथे कंसात कुर्त्सआर्बाइट, पुढे आखूड आठवडा. आता भराभर. ‘यूथ गॅरंटी’?

ऊसमळा
युवक हमी?

शुद्धमती
महाराष्ट्रात ‘हमी’ शब्दामागे रोजगार हमी कायदा उभा आहे. मागितल्यावर पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. युरोपातल्या या योजनेत नोकरी गेल्यापासून किंवा शिक्षण संपल्यापासून चार महिन्यांच्या आत नोकरी, पुढचं शिक्षण, शिकाऊ उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचं आहे. २०१३ साली पंचविशीच्या आतल्यांसाठी होती, २०२०मध्ये तिशीपर्यंत वाढवली. पण ती मंत्रिपरिषदेची शिफारस आहे, कायदा नव्हे. कुणी तरुण कागद घेऊन दावा लावू शकत नाही. आपल्याकडे मंत्री सभेत देतात ती काय असते? ग्वाही. ‘युवक ग्वाही’ लिहा.

पानगळ
हे थोडं टोचरं होईल. पण खोटं नाही. ‘माइलस्टोन’? हा निधी खर्चाच्या पावत्यांवर मिळत नाही. आधी ठरलेली सुधारणा करून दाखवायची, मग हप्ता.

शुद्धमती
टप्पा. ‘मैलाचा दगड’ लिहिलात तर मी इथून उठून जाईन.

नेकरकाठ
टप्प्यांवरून स्पेनचा किस्सा लेखात घ्याच. तिथे साधारण चार नोकरदारांत एक तात्पुरत्या करारावर असायचा. ते कमी करणारी कामगार कायद्याची सुधारणा हा स्पेनच्या योजनेतला एक टप्पा होता. डिसेंबर २०२१मध्ये सरकार, मालक आणि संघटना यांच्या समझोत्यावर वटहुकूम निघाला. ३ फेब्रुवारी २०२२ला संसदेत मतदान झालं आणि १७५ विरुद्ध १७४ असं एका मताने ते निभावलं. विरोधी पक्षाच्या एका खासदाराने घरून कॉम्प्युटरवर मत देताना चुकीचं बटण दाबलं होतं!

त्याच सुधारणेत ‘फिहो दिस्कोन्तिनुओ’ नावाच्या कराराला महत्त्व आलं. शब्दशः ‘कायम पण खंडित’. हॉटेलं, फळबागा, जिथे काम मोसमी असतं तिथे. याला मराठी काय?

ऊसमळा
अहो, हा शब्द आमच्याकडे आयता आहे! ‘हंगामी कायम’. साखर कारखान्यात कामगारांचे प्रकारच असतात: कायम, हंगामी कायम, रोजंदारी. हंगामी कायमवाल्याला बॉयलर पेटला की कामावर घ्यावंच लागतं, गाळप संपलं की तो घरी. बिगरहंगामात त्याला ‘रिटेन्शन’ मिळतं, पगाराचा थोडा भाग, सांभाळून ठेवल्याबद्दल. माझा चुलतभाऊ असाच होता. गाळप संपलं की शेतावर, दसऱ्याला पुन्हा गणवेश इस्त्रीला. स्पेनमध्ये मधल्या महिन्यांत काय मिळतं?

नेकरकाठ
मालकाकडून काही नाही. हप्ते पुरेसे भरलेले असतील तर बेकारी भत्ता. पण त्या काळात तो बेकारांच्या आकड्यात धरला जात नाही, यावरून तिथे विरोधक सरकारला धारेवर धरतात.

पानगळ
‘हंगामी कायम’ मिळाल्यावर माझा अख्खा परिच्छेद सुटला. ऊसमळादादा, चहा लागू.

‘सोशल पार्टनर्स’चं ‘सामाजिक भागीदार’ केलं होतं, ते काढलं. मराठीत त्याला काहीच अर्थ नाही, ‘मालक आणि कामगार संघटना’ असं उघड लिहिलं. ‘टेरिटोरिअल कोहिजन’साठी दांडेकर समितीपासून आपल्याकडे रुळलेला ‘अनुशेष’ वापरू का? विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला एका शब्दात कळेल.

शुद्धमती
अनुशेष म्हणजे राहिलेली बाकी. कोहिजन म्हणजे ती बाकी फिटल्यावरची अवस्था. ‘प्रादेशिक समतोल’ लिहा आणि पुढच्या वाक्यात अनुशेष आणा.

लालबागकर
रेझिलियन्स राहिला की.

नेकरकाठ
पोलिश लोकांनी त्याला ‘ओदपोर्नोश्च’ म्हटलंय. रोगप्रतिकारशक्तीलाही त्यांच्याकडे हाच शब्द.

ऊसमळा
तग. दुष्काळात जो ऊस तगतो त्याला आम्ही दुसरं काही म्हणत नाही.

पानगळ
‘उभारी आणि तग निधी’. कानाला जरा वेगळं लागतंय, पण लवचिकतेपेक्षा बरं. योगासनांचा वर्ग तरी वाटत नाही.

शेवटचा. इटलीच्या योजनेत ‘आसिलो निदो’ आहेत, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. आधी त्यांत आणि बालवाड्यांत मिळून २,६४,४८० नव्या जागांचं लक्ष्य होतं, पुढे ते १,५०,४८० वर आणलं. अंगणवाडी म्हणू?

लालबागकर
अंगणवाडी म्हटलं की खिचडी आणि वजनकाटा. ते पोराच्या पोषणासाठी. इटलीने हे रोजगाराच्या लेखात येण्यासारखं का केलं?

पानगळ
कारण तिथे कामाच्या वयाच्या बायकांपैकी जेमतेम निम्म्या कमावतात, दक्षिणेत त्याहून कमी. पोराला ठेवायला जागा नाही, हे त्यामागचं एक मोठं कारण.

लालबागकर
मग पाळणाघर. आमची ही प्रसूतिगृहात नर्स होती. पाळणाघर बंद असलं की तिचा खाडा.

नेकरकाठ
‘निदो’ म्हणजे घरटं, बरं का.

पानगळ
ते शीर्षकाला ठेवते. मजकुरात पाळणाघरच.