माळ्यातून जाणाऱ्या धुराड्याभोवतीची फट फोमने भरली तर चालेल का?

जोडभावीकर: आईचं कडक भाकरीचं काम आहे, मागच्या खोलीत लाकडाची चूल अन् तिचा सिंगल पत्र्याचा पाइप माळ्यातनं वर पत्र्याबाहेर काढलाय. माळ्याच्या लाकडी फळ्यांना पाइप जातो तिथं बोटभर फट आहे, वरची झळ सगळी खाली येते, सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहितीच आहे की. धूर बी कधी कधी मागं फिरतो. फिटर म्हणतोय स्प्रेचा फोम मारू आणि वर ग्लासवूल अंथरू. माळ्यावर चादरींच्या गाठी असतात. करू का?

पत्रेवाला_अण्णा: फोम अजिबात नको!! हा स्प्रेचा पीयू (पॉलीयुरेथेन) फोम पेटतो आणि त्याचा धूर विषारी. मुळात बोटभर फट म्हणजे लाकूड फारच जवळ आहे, अमेरिकेच्या एनएफपीए २११ मध्ये (तिथलं धुराड्यांच्या आगसुरक्षेचं मानक) सिंगल पाइप ते लाकूड १८ इंच अंतर सांगितलंय आणि तसा पाइप माळ्यातनं न्यायलाच मनाई आहे. रोज तापून तापून लाकूड आतनं काळं पडत जातं, मग कमी उष्णतेतही पेट घेतं. छताच्या खालपासनं वरपर्यंत डबल वॉल इन्सुलेटेड पाइप (दोन पत्र्यांच्या मधे उष्णता अडवणारा थर असलेला) टाका, भोवती निदान २ इंच मोकळं (कंपनीनं जास्त सांगितलं तर तेवढं), आणि खालनं ती फट लोखंडी पत्र्याच्या दोन अर्ध्या कॉलरनी झाका, कडेला फायर रेटेड सीलंट. साधं सिलिकॉन नव्हे.

विडीघरकुल: रॉकवूल (दगडापासनं केलेली लोकर) तर जळत नाही ना, मग पाइपला चिकटवून भरलं तर काय बिघडतं?

पत्रेवाला_अण्णा: उष्णता तिथंच कोंडते ओ, ती २ इंच जागा हवेसाठीच आहे. माळ्यात पाइपभोवती पत्र्याचं नळकांडं उभं करायचं, रॉकवूलच्या थरापेक्षा उंच, म्हणजे रॉकवूल सरकून आत पडत नाही. ग्लासवूलला कागदाचं अस्तर असेल तर ते जवळपास पण नको.

भट्टीवाली_ताई: धूर मागं फिरतो त्याचा फटीशी संबंध कमी, दादा. आधी पाइप झाडून घ्या, ओली लाकडं जाळली की आत डांबरासारखा थर बसतो आणि तोच एक दिवस पेटतो. वर टोक पत्र्याच्या ३ फूट वर हवं, आणि १० फुटांच्या आत शेजाऱ्याची भिंत असेल तर तिच्यापेक्षा २ फूट उंच. तोवर खिडकी उघडी ठेवूनच चूल पेटवा, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

जोडभावीकर: शेजारचा मजला आमच्यापेक्षा उंच आहे, म्हणजे तेच असणार. गाठी आजच खाली काढतो. वर पत्र्याला पाणी गळू नये म्हणून रबराचा बूट बसवू का?

पत्रेवाला_अण्णा: लाकडाच्या चुलीला रबर नको, तापून तडकतं. पत्र्याचं फ्लॅशिंग (पाइपभोवती पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी) करून घ्या, वर पाइपला पत्र्याची छत्री.