जेमवर ४० डेस्कटॉप घ्यायचेत, लॅमिंग्टन रोडला स्वस्त मिळतायत, मग हे सगळं कशाला?

भांडारपाल_फोर्ट
नमस्कार मंडळी. आमचं फोर्टातलं केंद्र सरकारी ऑफिस, स्टोअरचं काम नुकतंच माझ्याकडे आलंय. ४० डेस्कटॉप घ्यायचेत. साहेब म्हणतात जेमवरच, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरच घ्यायचे, आणि मी लॅमिंग्टन रोडला सहज चौकशी केली तर तसंच मशीन बरंच स्वस्त सांगतायत, तेही उद्याच आणून देतो म्हणे. मग सगळ्या खात्यांनी एकाच ठिकाणाहून घ्यायचं यात सरकारचा फायदा नक्की कुठे होतो? आणि २०-२० चे दोन इंडेंट, म्हणजे मागणीपत्रं केली तर काम लवकर होईल असं एक सहकारी सुचवतोय, ते चालतं का? जाणकारांनी कृपया सांगावं.

चर्चगेट_फास्ट
आधी शेवटचा प्रश्न. अजिबात तुकडे पाडू नका!! मर्यादेत बसवायला मागणी फोडायची नाही हे जीएफआरमध्ये (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) स्पष्ट आहे आणि ऑडिटवाले आधी तेच शोधतात, एकाच महिन्यात एकाच वस्तूच्या दोन ऑर्डरी दिसल्या की ऑडिटचा पॅरा, म्हणजे आक्षेप आलाच समजा. तुमचं केंद्राचं ऑफिस म्हणजे जीएफआर २०१७ चा नियम १४९ लागू, जेमवर असलेली वस्तू जेमवरूनच. २०१९ च्या सुधारणेनंतर २५ हजारापर्यंत थेट खरेदी, ५ लाखांपर्यंत किमान तीन वेगवेगळ्या उत्पादकांत सगळ्यात कमी दर असलेल्याकडून, त्यावर बिड म्हणजे ऑनलाइन निविदा, किंवा रिव्हर्स ऑक्शन म्हणजे विक्रेत्यांनी दर उतरवत बोली लावणं, असं होतं. या मर्यादा नंतर वाढल्यात, पण ४० डेस्कटॉप म्हणजे तुम्हाला बिडच काढायची आहे.

फायद्याचं म्हणाल तर पूर्वी डीजीएसअँडडीचे, म्हणजे केंद्राच्या मध्यवर्ती खरेदी संस्थेचे दर करार असायचे, दर आणि मुदत ठरलेली, किती घेणार याचं बंधन नाही, आणि देशभरातली ऑफिसं त्या दराने ऑर्डर द्यायची. आयटीत दर झपाट्याने उतरतात आणि करारातला दर जुनाच राहतो ही त्यातली खरी दुखणी होती. ऑगस्ट २०१६ मध्ये जेम आलं, ३१ ऑक्टोबर २०१७ ला डीजीएसअँडडी बंद झालं. आता दर प्रत्येक बिडला नव्याने ठरतो. सामायिक राहिलंय ते व्यासपीठ, नियम आणि विक्रेत्यांची नोंदणी. म्हणजे तुमची गरज नीट लिहायची जबाबदारी पूर्ण तुमची, ते काम कुठलाही करार तुमच्यासाठी करत नाही.

दुकानदार_ग्रँटरोड
मी विकणाऱ्या बाजूने बोलतो. "तसंच मशीन" म्हणताय ना, ते तसंच नसतं हो. दुकानात जे दाखवतात ते बहुतेकदा घरगुती मॉडेल, एक वर्षाची वॉरंटी, विंडोज होम. तुम्हाला डोमेनला, म्हणजे ऑफिसच्या सामायिक नेटवर्कला जोडायचं तर विंडोज प्रोफेशनल लागतं, शिवाय ३ वर्षांची जागेवर येऊन सर्व्हिस, हे सगळं धरून दर विचारा मग फरक किती उरतो बघा. दुसरं, आमच्यासारख्या डीलरला जेमवर ब्रँडेड मशीन विकायला कंपनीचं ऑथोरायझेशन लागतं. आणि लघुउद्योगांसाठीची अनामत माफी किंवा २५ टक्के खरेदीचं धोरण आहे ना, ते उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांसाठी, नुसत्या ट्रेडरला नाही. मला हे पटत नाही, गल्लीतला माणूस सर्व्हिसला लगेच धावतो आणि त्याला यात जागाच कमी, पण नियम आहे तो आहे.

सर्व्हररूम_ताई
भाऊ, स्पेसिफिकेशनवर मनापासून वेळ द्या, सगळं तिथेच ठरतं. जेमवर ज्यांना गोल्डन पॅरामीटर म्हणतात ते (वस्तूचे मुख्य तांत्रिक निकष) निवडायचे, बाकीच्या अटी एटीसीत, म्हणजे अतिरिक्त अटी-शर्तींत. ब्रँडचं नाव घालू नका. फक्त "१६ जीबी रॅम" लिहिलं तर ८-८ च्या दोन पट्ट्या घालून देतील आणि दोनच स्लॉट असले की दोन्ही भरलेले, पुढे वाढवायचं तर जुनी पट्टी काढून टाकावी लागते. म्हणून "१६ जीबी एकाच मोड्यूलमध्ये, एक स्लॉट मोकळा" असं लिहा. मराठी-हिंदी टायपिंग असेल तर देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड हवा हेही लिहा, नंतर स्टिकर चिकटवत बसतात लोक.

आणि उद्या सर्व्हर, स्टोरेज, मनुष्यबळ असं काही लागलं तर एनआयसीचीच (सरकारची माहिती-तंत्रज्ञान संस्था) कंपनी आहे एनआयसीएसआय, १९९५ पासूनची. ती निविदा काढून एजन्सींचं पॅनल करून ठेवते आणि खाती त्या दराने तिच्यामार्फत ऑर्डर देतात, वर तिचं शुल्क पडतं. क्लाउडला इलेक्ट्रॉनिक्स-आयटी मंत्रालयाच्या यादीतल्या, एसटीक्यूसी (त्याच मंत्रालयाची गुणवत्ता तपासणी संस्था) ऑडिट झालेल्याच कंपन्या बघा.

भांडारपाल_फोर्ट
ताई, दादा, खूप आभार, रॅमचं तर डोक्यातच आलं नसतं. इंडेंट एकच करतो. माझी बहीण राज्य सरकारी ऑफिसात आहे, तिलाही हेच लागू का? आणि माल आल्यावर काय बघायचं?

चर्चगेट_फास्ट
राज्याचं वेगळं, जेम तिथेही आहे पण तिने उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदी नियमपुस्तिकेचा जीआर आणि त्यातल्या नंतरच्या सुधारणा बघाव्यात. मालाचं म्हणाल तर खोके मोजून आधी तात्पुरती पावती द्यायची, मग १० दिवसांत तपासून सीआरएसी, म्हणजे स्वीकारल्याचा दाखला. तो दिला की पेमेंटचं घड्याळ सुरू, नंतर तक्रार करणं अवघड जातं. त्यामुळे दोन-चार मशीन उघडून बघू नका, चाळीसही चालू करा, सिरियल नंबर कंपनीच्या साईटवर टाकून वॉरंटी ३ वर्षांची दिसते का आणि कुठल्या तारखेपासून ते बघा, स्क्रीनशॉट फाईलला लावा. आणि हो, आयटीचा माणूस सोबत असल्याशिवाय सही करू नका, सप्लायरचा पोरगा दारात कितीही वेळ उभा असला तरी.