प्रतिसाद: नाल्यातलं मल्चिंग आणि दूरची बेटं

"बेटांवरचं प्लास्टिक हा किनाऱ्यावाल्यांचा प्रश्न, विदर्भाचा काय संबंध?" असं वर एकांनी विचारलंय. आहे ना बाप्पा! आमचा नाला वर्धेला मिळतो, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंचाजवळ गोदावरीत आणि गोदावरी थेट बंगालच्या उपसागरात.

परवा पूर ओसरल्यावर नाल्यावरच्या बाभळींना काय लटकलं होतं सांगू? टरबुजाच्या वावरातलं मल्चिंग (वाफ्यावर अंथरतो तो प्लास्टिकचा पातळ कागद), कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, फवारणीच्या बाटल्या. उन्हानं कडक झालेलं मल्चिंग ओढलं की हातात चुराच येतो. तो कोण वेचणार? (मागच्या वर्षी मीही धुऱ्यावर जाळलंच, खोटं कशाला बोलू.)

हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर माणसं जेमतेम सहाशे. तिथं 2017 च्या पाहणीतून प्लास्टिक कचऱ्याच्या 41.4 कोटी तुकड्यांचा अंदाज निघाला, त्यातले बहुतेक वाळूखाली गाडलेले. म्हणजे नुसता किनारा झाडून भागत नाही. ते आपल्याच नाल्यातलं आहे असं मी म्हणत नाही, पण वाट तर तीच आहे.

आर्वीकडे जुनं मल्चिंग घेणारं कुणी आहे का? आमचा भंगारवाला माती लागली म्हणून हात लावत नाही.